देसाई, सिद्धार्थ

देसाई, सिद्धार्थ शिरीष : महाराष्ट्राचे व्यावसायिक कबड्डीपटू. कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यातील हुंदळेवाडी हे त्यांचे गाव. ताकदीच्या चढायांमुळे प्रेक्षकांनी त्यांना ‘बाहुबली’ हे टोपणनाव दिले. प्रो कबड्डी लीगमध्ये ते यू मुंबा, तेलुगू टायटन्स, हरियाणा स्टीलर्स आणि दबंग दिल्ली या संघांकडून खेळले.

महाराष्ट्रात चढाईपटू आधी मातीवर तयार होतो. चंदगडसारखा सीमेवरचा तालुका असो की नवी मुंबईतले सारसोळेसारखे आगरी-कोळी गाव, मंडळांच्या रात्रीच्या स्पर्धांत पोराचे नाव होते, मग जिल्हा, मग राज्य आणि नशीब असेल तर एखाद्या कंपनीच्या संघात नोकरी. देसाई एअर इंडियाकडून खेळत. 2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू होईपर्यंत अशी नोकरी हीच खेळाडूची खरी कमाई होती. लीगने त्यात लिलावाची भर घातली आणि खेळाडूची किंमत जाहीरपणे, आकड्यात बोलली जाऊ लागली.

2018 च्या लिलावात यू मुंबाने देसाई यांना 36.4 लाख रुपयांना घेतले. त्याच लिलावात काही खेळाडूंनी प्रथमच कोटीचा आकडा गाठला होता, त्यामुळे या बोलीकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. हंगाम संपला तेव्हा त्यांच्या नावावर 21 सामन्यांत चढाईचे 218 गुण होते. हंगामातील सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा पुरस्कार त्यांना मिळाला. कर्णधार फझल अत्राचलींच्या बचावाला देसाईंच्या चढायांची जोड मिळाल्याने यू मुंबा बाद फेरीत पोचला. तेथे यूपी योद्धाने 34-29 असे हरवून त्याची वाट अडवली.

त्यांची खेळण्याची पद्धत चपळाईपेक्षा अंगबळावर उभी आहे. चढाई 30 सेकंदांची असते. निदान रेषा ओलांडणे सक्तीचे असते आणि समोर सहा किंवा सात बचावपटू असले तरच बोनस गुण मिळतो. हलका चढाईपटू हात किंवा पाय लावून लगेच मागे फिरतो. देसाई मात्र पकड बसल्यावरही थांबत नाहीत. एकदोन बचावपटूंना अंगावर घेऊन, त्यांना ओढत मध्यरेषेपर्यंत पोचतात. रेषेला नुसते बोट लागले तरी अंगाला लोंबकळलेले सगळे बाद होतात, म्हणून या शैलीत एका चढाईत दोनतीन गुण येतात. पण प्रत्येक वेळी पूर्ण वजनाचा झटका खांद्यावर आणि गुडघ्यावर बसतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू कवटाळून बचावफळीत घुसणाऱ्या ‘रनिंग बॅक’ची हीच गत असते : कामगिरी आणि झीज एकाच धक्क्यातून होते.

2019 च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्यांच्यासाठी 1.45 कोटी मोजले. त्या वर्षीची ती सर्वांत मोठी बोली होती. हैदराबादला हंगामाची सुरुवात झाली ती नेमकी जुन्या संघाविरुद्ध, आणि यू मुंबाने टायटन्सला 31-25 असे हरवले. टायटन्सच्याच संघात त्यांचे थोरले बंधू सूरज देसाई हेही चढाईपटू होते. दबंग दिल्लीविरुद्ध सूरज यांनी लीगमधल्या आपल्या पहिल्याच सामन्यात 18 गुण मिळवले, तरी टायटन्स एका गुणाने, 34-33 असे हरले. सिद्धार्थ यांनी या हंगामातही चढाईच्या गुणांचे द्विशतक गाठले. संघ मात्र गुणतक्त्यात तळाजवळच राहिला. केवळ चढाईच्या जोरावर सामने निघत नाहीत, बचावाला चार खांब लागतात, हे त्या हंगामाने दाखवून दिले.

महासाथीमुळे 2020 चा हंगाम झाला नाही. त्यानंतरच्या, आठव्या हंगामासाठी टायटन्सने लिलावात अंतिम बोलीशी बरोबरी करण्याचा हक्क वापरून त्यांना 1.30 कोटींना राखले. डिसेंबर 2021 मध्ये बंगळुरूत, प्रेक्षकांविना सामने सुरू झाले आणि तीन सामन्यांनंतर खांद्याच्या दुखापतीने त्यांचा हंगाम संपला. त्यांच्याविना टायटन्सला संपूर्ण हंगामात एकच विजय मिळाला. पुढच्या लिलावात त्याच संघाने त्यांना 20 लाखांना घेतले. दीड कोटीच्या जवळ गेलेली किंमत अशी खाली आली त्यात खांद्याचा हिशेब होता, कौशल्याचा कमी.

तरीही दहाव्या हंगामासाठी हरियाणा स्टीलर्सने त्यांच्यावर 1 कोटी लावले. प्रशिक्षक मनप्रीत सिंग यांच्या या संघात कोवळे बचावपटू आणि चढाईपटू अधिक होते, त्यामुळे अनुभवी चढाईपटू म्हणून देसाईंवर भिस्त होती. हरियाणाने प्रथमच अंतिम फेरी गाठली. 1 मार्च 2024 रोजी हैदराबादला झालेल्या त्या सामन्यात पुणेरी पलटणने हरियाणाला 28-25 असे हरवले. पलटणचे कर्णधार अस्लम इनामदार नगर जिल्ह्यातले, आणि सामन्याचा कल फिरवणारी चार गुणांची चढाई पंकज मोहिते यांची. त्यामुळे हरियाणाच्या बाजूने खेळणाऱ्या देसाईंना मराठी चढाईपटूंकडूनच हार पत्करावी लागली.

अकराव्या हंगामासाठी दबंग दिल्लीने त्यांना 26 लाखांना घेतले. तेथे आशू मलिक आणि नवीन कुमार हे आघाडीचे चढाईपटू आधीपासूनच होते.