नावात निजाम, मजकूर मराठी

हैदराबादचा बेगम बाजार ही घाऊक व्यापाराची जुनी पेठ. दुसऱ्या निजामाची पत्नी हुमदा बेगम हिने ही जागा व्यापाऱ्यांना दिली, म्हणून हे नाव. व्यापाराला असा राजाश्रय मिळाला, मराठीला मात्र नाही. मराठवाडा निजामाच्याच राज्यात होता, तरी विसाव्या शतकात कचेरीची भाषा उर्दू. १९१८ सालच्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच.

मग मराठी माणसांनी आपली सोय आपणच केली. १९०७ साली केशवराव कोरटकर आदींच्या पुढाकाराने विवेकवर्धिनी शाळा निघाली, १९२० साली लक्ष्मणराव फाटकांचे ‘निजाम विजय’ साप्ताहिक. १९३१ साली ज्ञानकोशकार केतकरांच्या अध्यक्षतेखाली इथे साहित्य संमेलनही भरले.

आपण गोमंतकीयांना हे वेगळे सांगायला नको. पोर्तुगीज अमदानीत रिवणहून ‘भारतमित्र’ निघतच होता. सरकार परक्या भाषेत बोलते, तेव्हा आपल्या भाषेतली साधी बातमीसुद्धा घरच्या माणसाची भेट वाटते. विखुरलेल्या समाजासाठी लिहिणाऱ्याने एवढेच ओळखावे. पांडित्य पाहून कोणी वर्गणी भरत नाही. ‘हे आपले आहे’ असे वाटले, की भरतो.