एका स्वल्पविरामाची जागा

जुन्या मराठी पोथ्यांत ओळ सलग चालते. दंडाखेरीज विरामचिन्ह बहुधा आढळत नाही. शब्द कोठे तोडावा, वाक्य कोठे थांबवावे, हे वाचणाऱ्याने ठरवावयाचे. आज आपण वापरतो ती चिन्हे इंग्रजीच्या संपर्कातून आली आणि एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांच्या प्रयत्नांनी रूढ झाली. म्हणूनच प्राचीन काव्याच्या छापील प्रतीतील स्वल्पविराम हा कवीचा नसून संपादकाचा असतो, हे आम्ही वर्गात पुन्हा पुन्हा सांगत असतो. काव्यात यामुळे एखाद्या ओवीचा अर्थ बदलेल. धर्मग्रंथात मात्र मृत्यूनंतर माणसाचे काय होते, याचेच उत्तर बदलू शकते.

बायबलचा नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्याच्या चौथ्या शतकातील दोन प्रसिद्ध हस्तलिखितांत, व्हॅटिकन व सिनाई प्रतींत, शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही आणि विरामखुणा तुरळक आहेत. बहुतेक ठिकाणी ग्रीक व्याकरणच वाट दाखविते, म्हणून अडत नाही. लूककृत शुभवर्तमानाच्या २३व्या अध्यायातील ४३वे वचन मात्र अडविते.

येशूबरोबर क्रुसावर खिळलेला एक गुन्हेगार त्याला विनवितो की, तू आपल्या राज्यात येशील तेव्हा माझी आठवण ठेव. येशूच्या उत्तरात 'सांगतो' आणि 'असशील' या अर्थांची दोन क्रियापदे आहेत व त्यांच्यामध्ये 'आज' हे क्रियाविशेषण आहे. विराम 'आज'च्या आधी घेतला, तर तो गुन्हेगार त्याच दिवशी येशूसह सुखलोकात असणार. विराम 'आज'नंतर घेतला, तर आज केवळ वचन दिले जात आहे. ते कधी फळास येणार, हे उघडे राहते.

कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुसंख्य प्रॉटेस्टंट परंपरा पहिला पाठ मानतात. मृत पुनरुत्थानापर्यंत निद्रिस्त असतात असे मानणारे सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट दुसऱ्या पाठाचा पुरस्कार करतात. यहोवाच्या साक्षीदारांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या नव्या कराराच्या इंग्रजी भाषांतरातही स्वल्पविराम 'आज'नंतरच आहे. दुसरा पाठ केवळ आधुनिक सोयीचा आहे, असेही म्हणता येत नाही. क्युरेटोनियन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन सिरियाक भाषांतरात 'आज'नंतर आपल्या 'की'सारखे अव्यय घालून तोच अर्थ पक्का केलेला आहे. मूळ ग्रीक वाक्यात असे अव्यय नाही. म्हणजे उणीव केवळ चिन्हाची नाही. एका 'की'चीही आहे.

मग निर्णय कशाने करावा? 'मी तुम्हांस खचित सांगतो' या अर्थाचा शब्दप्रयोग शुभवर्तमानांत अनेकदा येतो आणि अन्यत्र त्याला 'आज'सारखे कालवाचक पद जोडलेले नाही. शिवाय गुन्हेगाराने मागितले ते पुढे केव्हातरी घडणारे. त्याला 'आज' हे उत्तर समर्पक ठरते. म्हणून भाषेचा कौल आम्हांस पहिल्या पाठाकडे झुकलेला दिसतो. तथापि येशू स्वतः तिसऱ्या दिवशी उठला, मग त्या दिवशी तो सुखलोकात कसा, ही दुसऱ्या पक्षाची शंका व्याकरणाने मिटत नाही.

संत ऑगस्टिनला ही अडचण परिचित होती. ख्रिस्ती शिकवणुकीविषयीच्या त्याच्या लॅटिन ग्रंथाच्या तिसऱ्या भागात तो योहानकृत शुभवर्तमानाच्या आरंभीची वाक्ये चुकीच्या जागी तोडून शब्दाचे देवत्व नाकारणाऱ्यांची चर्चा करतो. त्याने दिलेला क्रम स्पष्ट आहे: आधी श्रद्धेचा नियम पाहावा, मग मागचापुढचा संदर्भ, आणि दोहोंनीही निकाल लागत नसेल तर वाचकाने हवा तो विराम घ्यावा.

हा क्रम आम्हांस प्रामाणिक वाटतो, कारण त्यात काहीही लपविलेले नाही. श्रद्धा आधी आणि विराम नंतर, हे ऑगस्टिन उघड सांगतो. छापील प्रत मात्र हे सांगत नाही. तिच्यातील स्वल्पविराम मूळ शब्दांच्या शेजारी, त्यांच्याइतक्याच अधिकाराने उभा असतो. मृत्युशय्येजवळ बसून हे वचन ऐकणाऱ्याला त्या चिन्हामागील शतकांचा वाद ठाऊक नसतो. तो ठाऊक करून देणे ही त्याच्या श्रद्धेची अवहेलना ठरत नाही, असे आम्ही मानतो. कोणता शब्द ग्रंथाचा आणि कोणता विराम वाचणाऱ्याचा, एवढा विवेक जागा ठेवणे हे ग्रंथाविषयीच्या आदराचेच लक्षण आहे.