घटकसंग्रह, किकॅड प्रणालीतील

मुद्रित विद्युत् मंडलाचा आराखडा संगणकावर रेखाटताना रोधक, धारित्र, ट्रँझिस्टर प्रत्येक वेळी नव्याने काढावे लागू नयेत, म्हणून त्यांच्या आकृत्या व मोजमापे ज्या दफ्तरात कायम केलेली असतात त्यास घटकसंग्रह, अथवा नित्याच्या भाषेत लायब्ररी, म्हणतात. झाँ-प्येर शारा यांनी १९९२ मध्ये आरंभिलेल्या आणि पुढे सर्न संस्थेच्या साहाय्याने वाढलेल्या ‘किकॅड’ या मुक्त प्रणालीत सिम्बॉल (आराखड्यातील चिन्ह), फुटप्रिंट (मंडलावरील तांब्याच्या जागांची आकृती) आणि त्रिमितीय प्रतिकृती यांची दफ्तरे निरनिराळी असून त्यांना जोडणारा दुवा केवळ नावांचा व पिनांच्या क्रमांकांचा असतो.

अनर्थाचे मूळ बहुधा याच दुव्यात सापडते. बीसी ५४७ आणि २एन ३९०४ हे दोन्ही ट्रँझिस्टर टीओ-९२ या एकाच आवरणात मिळतात. परंतु सपाट बाजू समोर व पाय खाली धरले असता पहिल्याचे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे, तर दुसऱ्याचे नेमके उलट येतात. आणि ही तफावत सिम्बॉलच्या पिनक्रमांकांत उतरली नाही, तर मंडल कागदावर निर्दोष दिसूनही तांब्यात चुकते. घोटाळा नावांतही संभवतो. रोधक-धारित्रांच्या आकाराची ०६०३ ही संज्ञा इंच-पद्धतीत १.६ × ०.८ मिमी., तर मेट्रिक पद्धतीत ०.६ × ०.३ मिमी. आकार दर्शविते, म्हणून किकॅडचे अधिकृत संग्रह नावातच दोन्ही संज्ञा नमूद करतात; ही दक्षता स्तुत्य होय.

संग्रहांचे ठावठिकाणे एका तक्त्यात टोपणनावांनिशी नोंदलेले असल्याने संग्रह स्थलांतरित झाला तरी तक्त्यातील मार्ग बदलणे पुरते. प्रणालीबरोबर आलेल्या संग्रहांत हस्तक्षेप करू नये, कारण नवी आवृत्ती बसविताना असे फेरफार पुसले जाण्याचा संभव असतो. आपल्या नोंदींसाठी स्वतंत्र संग्रह राखावा. संचिका साध्या मजकुराच्या असल्यामुळे गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत ठेवल्यास कोणी, कधी व काय बदलले याचा दाखला राहतो. २०२१ अखेरच्या सहाव्या आवृत्तीपासून सिम्बॉलची प्रत आराखड्यातच साठविली जाते. त्यामुळे संग्रह हरवला तरी जुने काम उघडते, परंतु संग्रहातील दुरुस्तीही तेथे आपोआप पोहोचत नाही, ती हुकूम देऊन आणावी लागते. २०२३ च्या सातव्या आवृत्तीने डेटाबेसमधील भांडारक्रमांक व मूल्ये सिम्बॉलशी जोडण्याची सोय केली. एकट्या कारागिरास तिची गरज क्वचितच भासते.

नवा फुटप्रिंट संग्रहात दाखल करण्यापूर्वी तो मूळ मापाने कागदावर छापून त्यावर प्रत्यक्ष घटक ठेवून पाहावा.