इमान, अंमल आणि करार

‘इमानेइतबारे चाकरी केली’ असं आपण म्हणतो तेव्हा दोन अरबी शब्द एका दमात बोलून जातो. इतबार म्हणजे भरवसा. इमानही आपल्या लेखी जवळपास तेच: धन्याशी, मित्राशी, खाल्ल्या मिठाशी राखलेली निष्ठा. कुत्र्याला आपण इमानी जनावर म्हणतो. अरबी भाषेत मात्र ‘ईमान’ म्हणजे सर्वप्रथम ईश्वरावरची श्रद्धा. मराठीनं हा शब्द आभाळातून ओसरीवर आणला.

त्याचा धातू अलिफ-मीम-नून. मूळ अर्थ सुरक्षित असणं, निर्धास्त असणं. शांततेसाठीचा ‘अमन’ त्यातलाच. या धातूला अरबीचा एक ठरावीक साचा लावला की ईमान तयार होतं. इस्लाम त्याच साच्यातला, आणि आपल्या बोलण्यातले इनाम, इशारा, इरादा, इन्कार, इन्साफ हेही त्याच साच्यातून पडलेले. ईमान राखणारा तो मोमीन. भिवंडी-मालेगावच्या विणकरांमध्ये हे समाजाचं नावच झालं आहे. गंमत अशी की कुराणात ‘मोमीन’ हे अल्लाहचंही एक नाव आहे, तिथं अर्थ ‘अभय देणारा’. चर्चमधलं ‘आमेन’ आणि नमाजातलं ‘आमीन’ यांचं कूळही हेच.

विश्वासानं सोपवलेली ठेव ती अमानत, आणि ती सांभाळणारा अमीन. प्रेषित होण्याआधी मक्केत महंमदांना याच नावानं ओळखत, असं परंपरा सांगते. मराठीच्या तोंडात अमानतमधल्या ‘म’ आणि ‘न’ यांनी जागा बदलल्या आणि ‘अनामत’ झाली. एकूण वैध मतांचा सहावा हिस्साही ज्याच्या पदरात पडत नाही त्या उमेदवाराची अनामत जप्त होते. शेजारच्या गुजरातीत तर अनामत म्हणजे आरक्षण!

ईमान म्हणजे नेमकं काय, याची जुनी व्याख्या तीन भागांत सांगतात: हृदयानं तसदीक, जिभेनं इकरार, अवयवांनी अमल. मनातून खरं मानणं, तोंडानं कबूल करणं, हातापायांनी करून दाखवणं. ऐकायला सरळ वाटतं, पण तिसऱ्या भागावरून इस्लामच्या पहिल्या काही शतकांत मोठं रण माजलं. 657च्या सिफ्फीनच्या लढाईनंतर फुटून निघालेल्या खारिजींपैकी जहाल मंडळींचं म्हणणं होतं की मोठं पाप केलं की माणूस ईमानाबाहेर गेला. ‘खारिज’ या शब्दाचा अर्थच बाहेर गेलेला. आपल्याकडे तो दावा खारिज होण्यापुरता उरला आहे. उलट बाजूला मुर्जिआ, म्हणजे पाप्याचा निवाडा अल्लाहवर सोडून पुढे ढकलणारे. कूफ्याचे इमाम अबू हनीफा (मृत्यू 767) रेशमी कापडाचे व्यापारी. त्यांनी ईमान तसदीक आणि इकरार यांवर थांबवलं. कृती फर्ज आहे, टळत नाही, पण ती ईमानाचा घटक नव्हे. म्हणून ईमान वाढत नाही की घटत नाही. इमाम मालिक, शाफई आणि अहमद इब्न हंबल यांना हे पटलं नाही. कृती धरूनच ईमान, आणि ते चढतं-उतरतं. हदीस, म्हणजे प्रेषितांची वचनं, जमवणाऱ्या बुखारींनी (मृत्यू 870) आपल्या संग्रहात ईमानाचं प्रकरण अगदी सुरुवातीला घेतलं आणि याच बाजूनं कौल दिला. कोकण किनाऱ्यावरचे मुसलमान बहुतांशी शाफई, घाटावरचे बहुतांशी हनफी. म्हणजे या वादातल्या दोन्ही बाजूंच्या इमामांचे अनुयायी महाराष्ट्रात शेजारीशेजारी राहतात.

मला यात अबू हनीफांची सावधगिरी जास्त भावते. नमाज चुकलेल्याला घराबाहेर काढू नका, एवढंच त्यातून निघतं. पण दुसऱ्या बाजूकडे एक फार सुंदर हदीस आहे: ईमानाला साठ-सत्तर फांद्या आहेत, सर्वांत वरची ‘अल्लाहखेरीज पूज्य कुणी नाही’ हे म्हणणं, आणि सर्वांत खालची वाटेतला त्रासदायक अडथळा बाजूला करणं. लाजही त्यातलीच एक फांदी. बोलणं, करणं, वाटणं, तिन्ही एकाच झाडावर.

तसदीक, इकरार आणि अमल या तीन शब्दांचं मराठीत काय झालं? अमलचा अंमल झाला. त्याच्या मागोमाग अंमलबजावणी, अंमलदार आले, आणि याच धातूच्या मुआमलामधून मामला आणि मामलेदार. इकरारचा सख्खा भाऊ आपला करार. तसदीक मात्र इथं रुळली नाही. ‘तसदी’शी तिची गल्लत करू नये, तसदीचं मूळ डोकेदुखीच्या धातूत आहे. फारसीतून आलेले असे अरबी शब्द बरेचसे कचेरीच्या दारानं आले, आणि कचेरीला सही लागते, हुकूम बजावलेला लागतो. मनातलं मानणं दफ्तरी लावता येत नाही. मनाच्या बाजूचा एक शब्द तेवढा आत शिरला, नियत. कर्माची किंमत नियतीवर ठरते, ही हदीस बुखारींच्या संग्रहात अगदी पहिली आहे. (दैव या अर्थाची आपली नियती वेगळी, ती संस्कृत.)

तोंडानं कबूल आणि मनात नाही, अशाला अरबीत मुनाफिक म्हणतात. जुने कोशकार हा शब्द वाळवंटी उंदराच्या बिळाशी जोडतात. एका तोंडानं शिरायचं, आणि संकट आलं की पातळ मातीनं झाकलेलं दुसरं तोंड डोक्यानं फोडून पसार व्हायचं. आपल्या मुनाफ्याशी याचा संबंध नाही. मुनाफिक मराठीत आलाच नाही, पण त्याची जागा रिकामीही राहिली नाही. देव न मानणाऱ्याला मराठीत कुणी बेइमान म्हणत नाही, त्याच्यासाठी नास्तिक आहे. बेइमान म्हणतात ते पंक्तीला बसून जेवलेल्या आणि मागच्या दारानं शत्रूला जाऊन मिळालेल्याला.