वरकस जमीन आणि इंधनाची शेती : हरसूल परिसराच्या निमित्ताने

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम कडेस, गुजरातच्या सीमेनजीक वसलेले हरसूल हे बाजाराचे गाव होय. हा मुलूख पूर्वीच्या पेठ संस्थानाचा. ते संस्थान 1878 मध्ये खालसा झाले. आज गाव त्र्यंबकेश्वर तालुक्यात मोडते. कोकणा, वारली व महादेव कोळी शेतकरी येथील खाचरांत भात लावतात आणि डोंगरउतारावर नागली, वरई व खुरासणी पिकवितात. या उताराच्या जमिनीस महसुली भाषेत ‘वरकस’ म्हणतात. जुनी वहिवाट अशी की, एका साली नागली, पुढे वरई, त्यानंतर खुरासणी आणि मग काही वर्षे जमीन मोकळी सोडावयाची. या मोकळ्या वर्षांत तेथे गुरे चरतात, गवत निघते आणि मातीचा कस परत येतो. म्हणजे एखाद्या साली ओसाड दिसणारा उतार हा पीकक्रमातील विसाव्याचा टप्पा असतो. कागदावर मात्र त्यास ‘पडीक’ हा एकच शब्द मिळतो, आणि प्रस्तुत विवेचनाचा रोख या शब्दावरच आहे.

धान्यापासून ज्वालाग्राही द्रव काढण्याचा उद्योग या जिल्ह्यास नवा नाही. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात सरकारने नाशिक येथे ॲसिटोनचा कारखाना उभारला. पिष्टमय धान्य आंबवून मिळणारे ॲसिटोन तोफांच्या दारूसाठी लागत असे. स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये मोटारींच्या इंधनात मद्यार्क मिसळण्यासंबंधी केंद्रीय कायदा झाला. तो 2000 मध्ये रद्द झाला आणि, गंमत अशी की, पुढच्याच वर्षी मिश्रित पेट्रोलचा प्रयोग मनमाड व मिरज येथे सुरू झाला. जानेवारी 2003 पासून नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रणाचे धोरण आले. त्या वेळी हा मद्यार्क मळीतून येत होता. त्यासाठी नवी जमीन लागत नव्हती.

जमिनीचा प्रश्न निर्माण झाला तो डिझेलमुळे. एप्रिल 2003 मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडाच्या लागवडीची शिफारस केली. पहिल्या टप्प्यातच 4 लाख हेक्टर. आणि वीस टक्के मिश्रण साधावयाचे तर एक कोटी हेक्टरांहून अधिक. एवढी जमीन आणावयाची कोठून? अर्थात ‘पडीक’ क्षेत्रातून. मोगली एरंड आपल्याकडे अपरिचित नाही. गुरे त्यास तोंड लावीत नाहीत म्हणून शेतकरी त्याचे कुंपण करतात. परंतु कुंपणास जे गुणकारी, तेच चराऊ उतारावर अपायकारक, हे गणित समितीच्या हिशेबात फारसे दिसत नाही. शिवाय खुरासणी ही स्वतःच तेलबी असून तिचे तेल घरात खाल्ले जाते. 2005 मध्ये जैविक डिझेलचा खरेदीदर लिटरला 25 रुपये ठरला, आणि 2009 च्या राष्ट्रीय धोरणाने 2017 पर्यंत वीस टक्क्यांचे लक्ष्य ठेविले. झाडे हलक्या जमिनीत जगली, पण बी धरीनात. डिझेलमधील मिश्रण एक टक्क्यापर्यंतही पोहोचले नाही.

याच सुमारास अमेरिकेने 2005 व 2007 च्या कायद्यांनी मक्याच्या इथेनॉलची सक्ती वाढविली. जानेवारी 2007 मध्ये मेक्सिकोत मक्याच्या पोळ्या महागल्या म्हणून लोक रस्त्यावर उतरले. 2007-08 च्या जागतिक धान्यमहागाईचा सगळा दोष इंधनावर टाकणे योग्य होणार नाही. खनिज तेलाचे भाव, अवर्षण व निर्यातबंदी यांचाही त्यात वाटा होता. तथापि धान्याचा बाजार तेलाच्या बाजाराशी बांधला गेला, एवढे निश्चित.

ती गाठ आता आपल्याकडेही बसली आहे. 2018 च्या धोरणाने उसाचा रस व खराब धान्य यांस वाट दिली. पेट्रोलमधील वीस टक्क्यांचे उद्दिष्ट 2030 वरून 2025 वर आणले गेले. दहा टक्के मिश्रण जून 2022 मध्ये साधले. पुढे पाऊस ओढताच 7 डिसेंबर 2023 रोजी केंद्राने रसापासून इथेनॉल करण्यास मनाई केली, थोड्याच दिवसांत ती सैल केली. पण भार मक्यावर सरकला. एके काळी मका निर्यात करणाऱ्या देशाने 2024 मध्ये तो बाहेरून आणला. येवले, मालेगाव या भागांतील मका विकणाऱ्या शेतकऱ्यास यात लाभ आहे, तो नाकारण्याचे कारण नाही; कोंबडीपालनास मात्र खाद्य महागले.

हरसूलकडील माणसे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीस जातात आणि बरेचसे धान्य व तेल विकत घेतात. धोरणाचा स्पर्श त्यांस विक्रेता म्हणून होत नाही, ग्राहक म्हणून होतो. दरम्यान 2018 च्या धोरणातही पडीक जमिनीवर अखाद्य तेलबिया लावण्याचे कलम कायमच आहे. ते अमलात येण्यापूर्वी एक साधे काम अभ्यासकांस करता येईल : ‘पडीक’ म्हणून मोजलेल्या वरकस क्षेत्रांचे गट घेऊन त्यांची लागोपाठच्या आठ-दहा वर्षांची गाव नमुना बाराची पीकपाहणी पडताळावी, आणि कोणत्या साली तेथे नागली होती, कोणत्या साली खुरासणी, हे तक्त्यात मांडावे.