सालअखेरची परीक्षा

शाळेच्या वर्षात दिवस पुष्कळ असतात. परंतु घरोघर ज्याची आठवण राहते असा दिवस बहुधा एकच, तो सालअखेरचा. परीक्षा झालेली असते, निकाल लागावयाचा असतो. एखाद्या मुलाच्या हाती बक्षिसाचे पुस्तक पडते, एखाद्याच्या हाती काहीच पडत नाही, आणि वरच्या इयत्तेची दारे कोणास उघडली व कोणास बंद झाली हे एका संध्याकाळी साऱ्या आळीस कळते. हा प्रकार इतका अंगवळणी पडला आहे की तो शाळेइतकाच जुना असावा असे कोणासही वाटेल. वस्तुतः महाराष्ट्रात त्याला दोनशे वर्षांहून फार अधिक काळ लोटलेला नाही. आणि त्या दिवशी शाळेने जाब द्यावयाचा तो कोणास, ह्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्या काळात एकापेक्षा अधिक वेळा बदलले आहे.

पेशवाईच्या अखेरीस गावोगाव ज्या पंतोजींच्या शाळा होत्या त्यांत सालअखेर अशी नव्हतीच. इयत्ता नव्हत्या, छापील पुस्तके नव्हती, आणि सर्वांनी एकाच दिवशी शाळेत दाखल व्हावे असा नियमही नव्हता. धूळपाटीवर अक्षर गिरवावे, मोडी वाचावयास शिकावे, पाढे व पावकी-निमकी तोंडपाठ करावी, आणि घरच्या धंद्यापुरते आले की शाळा सोडावी, असा क्रम होता. परीक्षा रोजचीच असे. ती पंतोजी घेत आणि तिचा निकाल छडीने लागलीच मिळे. पंतोजींचा चरितार्थ पालकांच्या शिध्यावर व सणावारी मिळणाऱ्या देणगीवर चाले. तेव्हा शाळेचा जाब विचारणारा तो मुलाचा बाप. मुलगा दुकानावर बसून हिशेब करू लागला तर पंतोजी चांगले. न करू लागला तर शिधा आटला. व्यवस्था सोपी होती. परंतु ज्याला शिधा देणे परवडत नसे, किंवा ज्याला आपल्या मुलास पंतोजींच्या ओटीवर बसविण्याची मुभाच नसे, त्याचा तिच्यात काही संबंध येत नसे.

इ. स. १८१९ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याच्या कारकीर्दीत, १८२२ साली, जी संस्था स्थापन झाली ती मराठीत ‘हैंदशाळा व शाळापुस्तक मंडळी’ म्हणून प्रसिद्ध आहे. ह्या मंडळीने पुस्तके छापली आणि शाळा काढल्या. कॅप्टन जॉर्ज जर्विस ह्याच्या देखरेखीखाली शिकून तयार झालेले पहिले शिक्षक १८२६ साली जिल्ह्यांत पाठविण्यात आले. पुस्तक एक झाले म्हणून वर्ग एक झाला, आणि वर्ग एक झाला म्हणून सर्वांची एकदम परीक्षा घेणे शक्य झाले. ही परीक्षा जाहीर असे. सरकारी अधिकारी व शहरातील प्रतिष्ठित गृहस्थ खुर्च्यांवर बसत. मुले एकेक करून पुढे येत, नकाशावर नद्या दाखवीत, तोंडचे हिशेब सांगत, व्याकरण चालवीत, आणि शेवटी पाहुण्यांच्या हस्ते बक्षिसे वाटली जात. नव्या विद्येविषयी लोकांच्या मनात शंका होती. मुले धर्मापासून ढळतील काय, असा प्रश्न घरोघर विचारला जात होता. त्या शंकेला ही जाहीर परीक्षा हे उत्तर होते. शाळेत काय शिकवितात ते या आणि डोळ्यांनी पहा, असेच जणू शाळा सांगत होती.

ह्या रीतीचा सर्वांत धीट उपयोग पुण्यात झाला. जोतीराव फुले ह्यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली. त्या शाळेत सावित्रीबाईंनी शिकविले, आणि पुढे आणखी शाळा निघाल्या. ह्या उद्योगावर शहरात किती गहजब झाला तो सर्वश्रुत आहे. तथापि ह्या मंडळींनी आपले काम झाकून ठेविले नाही. मुलींच्या परीक्षा त्यांनी जाहीरपणे घेवविल्या. १८५२ च्या नोव्हेंबरात विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार झाला, आणि १८५३ च्या फेब्रुवारीत मुलींची जी परीक्षा झाली ती पाहावयास लोकांची मोठी गर्दी लोटली. मुलीने चारचौघांत उभे राहून वाचणे हीच गोष्ट तेव्हा अपूर्व होती. मुलीस अक्षर येत नाही, येऊ शकत नाही, किंवा आले तर अनर्थ होतो, असे म्हणणाऱ्यांना शेकडो पानांच्या निबंधाने जे पटले नसते ते त्या दिवशी एका लहान मुलीच्या वाचनाने निदान ऐकावे तरी लागले. सालअखेरच्या परीक्षेत येथे शाळेची नव्हे, तर पाहणाऱ्या समाजाचीच परीक्षा झाली.

पुढे काळ बदलला. १८५४ चा वुडचा खलिता आला, आणि १८५५ साली मुंबई इलाख्यात सरकारी विद्याखाते सुरू झाले. गावच्या मराठी शाळेचा जाब आता खात्याकडे गेला, आणि खाते गावात अवतरे ते डेप्युटी इन्स्पेक्टरच्या रूपाने. लोकांनी त्याचे नाव ‘दिपोटी’ असे सुटसुटीत करून टाकले. दिपोटी यावयाचे म्हणजे शाळेत दिवाळीच. जमीन सारविली जाई, भिंतींना चुन्याचा हात फिरे, हजेरीपट नीट उतरून काढला जाई, कित्ते नव्याने वळविले जात. मुले धुतलेल्या सदऱ्याटोप्यांत वेळेआधी हजर असत, आणि मास्तरांचा आवाज त्या दिवशी कधी नव्हे इतका मऊ होई. मग वाचन, शुद्धलेखन, कविता, भूगोल, हिशेब. आणि सायंकाळी कोण वर चढला व कोण खाली राहिला ह्याचा निर्णय. पूर्वीच्या जाहीर परीक्षेत गाव पाहुणा असे. ह्या परीक्षेत गाव दाराबाहेर उभा राहून कानोसा घेई.

त्यातच इंग्लंडातून एक नवा विचार आला. तेथे १८६२ साली रॉबर्ट लो ह्याच्या पुढाकाराने असा नियम झाला की, शाळेस मिळणारे सरकारी साहाय्य हजेरीवर आणि परीक्षेच्या निकालावर मोजावे. वाचन, लेखन व गणित ह्यांपैकी ज्या विषयात मूल नापास होईल त्या विषयापुरती रक्कम कापावी. हेच तत्त्व मुंबई इलाख्यातही खाजगी शाळांच्या अनुदानाला लागू झाले. हेतू वाईट नव्हता. रयतेचा पैसा फुकट जाऊ नये, हा विचार योग्यच होता. परंतु परिणाम असा झाला की प्रत्येक मुलाच्या डोक्यावर एक किंमत लागली. हुशार मूल म्हणजे जमेची बाजू आणि मंद मूल म्हणजे वजाबाकी. शेतीच्या हंगामात शाळा चुकविणारा कुणब्याचा पोर तर दोन्हीकडून तोट्याचा, कारण तो हजेरीतही कमी आणि परीक्षेतही कच्चा. असा मुलगा आपल्या शाळेत यावा असे कोणत्या मास्तराला वाटावे?

हा प्रश्न स्पष्ट शब्दांत मांडणारा मनुष्य तीस वर्षांपूर्वी मुलींची परीक्षा जाहीरपणे घेवविणाराच निघाला. १८८२ साली सर विल्यम हंटर ह्यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षणाची चौकशी करणारे कमिशन नेमले गेले. त्याच्यापुढे जोतीराव फुले ह्यांनी त्या वर्षीच्या ऑक्टोबरात आपले निवेदन सादर केले. निकालावर पैसा देण्याची पद्धत अशिक्षित लोकांत विद्याप्रसार करण्याच्या कामी मुळीच उपयोगी नाही, असे त्यांनी सांगितले. ज्यांच्यात विद्येची गोडी अजून उत्पन्नच व्हावयाची आहे, त्यांच्यात जाऊन कोणताही शिक्षक स्वतःच्या जबाबदारीवर शाळा काढणार नाही, कारण त्यात त्याचे पोट भरणार नाही, हे त्यांचे कारण होते. वर्षातून एकदा होणाऱ्या दिपोटीच्या फेरीचाही फारसा लाभ होत नाही. तपासणी निदान तिमाहीस व्हावी, आणि मधूनमधून आगाऊ वर्दी न देता शाळा पाहाव्यात, असेही त्यांनी सुचविले. सारविलेली जमीन आणि नवे कित्ते ह्यांचा अर्थ त्यांना पुरता ठाऊक होता.

त्याच निवेदनात एक लहानशी सूचना आहे. खालच्या वर्गांतील लोकांनी मुले शाळेत धाडावीत आणि त्यांच्यात विद्येची आवड उत्पन्न व्हावी, म्हणून शिष्यवृत्त्या आणि सहामाही किंवा वार्षिक बक्षिसे ठेवावीत, असे जोतीराव म्हणतात. बक्षीस हा पहिल्या आलेल्याचा मान, ही सर्वांची समजूत. जोतीरावांच्या दृष्टीने बक्षीस हे आमंत्रण होते. सालअखेर मुलाच्या हाती काही पडावे ते त्याने पुढच्या साली पुन्हा यावे म्हणून. आणि हे आमंत्रण ज्यांना पोचत नव्हते त्यांचा आकडाही त्यांनी दिला आहे. महार-मांगांच्या मुलांना वरिष्ठ जातींच्या मुलांशेजारी बसू देत नाहीत, म्हणून ती सर्व शाळांतून व्यवहारतः वगळलेली आहेत. त्यांच्यासाठी निराळ्या शाळा केवळ मोठ्या शहरांत आहेत. आणि खुद्द पुण्यात अशा पाच हजारांहून अधिक वस्तीसाठी शाळा एक, व तिच्यात हजर मुले तिसांच्याही आत, असे त्यांनी नमूद केले. दिपोटीने कितीही काटेकोर परीक्षा घेतली, तरी जे मूल वर्गात बसलेच नाही ते त्या परीक्षेत नापास कसे ठरावे? कागदावरचा निकाल चांगलाच दिसावयाचा.

ह्या काळात मराठी शाळेच्या अखेरीस जी मोठी परीक्षा असे, ती लोकांत ‘मुलकी’ आणि पुढे ‘फायनल’ ह्या नावांनी ओळखली जाई. ती उतरलेल्या मुलास शिक्षकाची, तलाठ्याची किंवा कचेरीतील लहानशी जागा मिळण्याचा संभव असे. गरीब घरात एक मुलगा फायनल झाला म्हणजे त्या घराची दोन पिढ्यांची ददात मिटण्याची आशा वाटे. म्हणून निकालाच्या दिवशीचे पेढे हे केवळ कौतुकाचे नसत. आणि नापास झालेल्या मुलाच्या घरातील शांतता केवळ निराशेची नसे.

निकालावर पैसा देण्याची पद्धत १९०४ साली, लॉर्ड कर्झनच्या कारकीर्दीतील शिक्षणविषयक ठरावाने, शेवटी टाकून देण्यात आली; म्हणजे जोतीरावांच्या निवेदनास बावीस वर्षे, आणि त्यांच्या मृत्यूस चौदा वर्षे लोटल्यावर. त्यानंतर वारे दुसऱ्या दिशेने वाहू लागले. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९१७ साली तोच मार्ग धरला. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने १९१८ चा कायदा झाला. सक्ती आली म्हणजे मुलाला शाळेत आणण्याचे काम मुलाच्या हुशारीवर न राहता राज्यावर आले. आणि २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने आठवीपर्यंत कोणासही त्याच इयत्तेत मागे ठेवू नये असे ठरविले, तेव्हा ह्या विचाराचे वर्तुळ पुरे झाल्यासारखे वाटले. परंतु १९ व्या शतकातला वाद असा सहज मिटणारा नव्हता. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली, आणि पाचवी व आठवीच्या अखेरीस परीक्षेत नापास झालेल्या मुलास मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. परीक्षा नसेल तर मूल शिकले की नाही हे कळावे कसे, असे एक पक्ष म्हणतो. परीक्षेच्या भीतीने जे मूल शाळाच सोडील त्याचे काय, असे दुसरा विचारतो. दोन्ही प्रश्न खरे आहेत, आणि दोन्ही १८८२ साली विचारले गेलेले आहेत.

पंतोजीने जाब बापाला दिला, हैंदशाळेने शहराला दिला, मराठी शाळेने खात्याला दिला. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, त्या मुलाला मात्र शाळेने जाब द्यावयाचा असतो ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानी आली. जोतीरावांच्या ध्यानी ती आली होती. सालअखेरच्या समारंभात टेबलावर पुस्तके रचलेली असतात, नावे पुकारली जातात, टाळ्या होतात. त्या टाळ्यांत ज्यांची नावे पुकारली गेली नाहीत अशी मुले मागच्या रांगेत बसलेली असतात. पुढच्या वर्षी पहिल्या दिवशी त्यांतली किती परत येतात, ह्यावरून त्या शाळेचा निकाल लावावा.