शिमगा ते चैत्र : देवनारच्या खाडीकाठचा इतिहास

देवनार हे ठाण्याच्या खाडीच्या पश्चिम काठावरचे, पूर्वीच्या तुर्भे बेटावरचे गाव. चेंबूर, बोरले, मानखुर्द, मंडाले, मारवली, आणिक आणि माहुल ही त्याची शेजारी गावे. या गावांच्या दक्षिणेला तुर्भ्याचा डोंगर आणि पूर्वेला खाडीची दलदल आहे. भरतीचे पाणी तिवरांतून आत शिरत असे आणि ओहोटीला मैलभर चिखल उघडा पडत असे. १५३४ च्या वसईच्या तहानंतर साष्टीचा हा सारा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी तो घेतला आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला सर केल्यावर तो त्यांच्या हाती पडला. राज्ये बदलली तरी काठावरच्या माणसांच्या कामात फारसा फरक पडला नाही. आगरी भात आणि मीठ पिकवत, कोळी खाडीत जाळी लावत आणि पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेली, पुढे ईस्ट इंडियन म्हणवली गेलेली कुटुंबे गावठाणात राहून शेती करत.

या काठाचा खरा हंगाम वसंताचा. पावसाळ्यात भात होई आणि दिवाळीनंतर मिठागरांचे बांध दुरुस्त होत, पण फाल्गुन लागला की मीठ, मासळी, मसाला आणि सण सगळे एकदम अंगावर येई. उन्हाची धार वाढलेली असते, पाऊस अजून दोन-तीन महिने लांब असतो, त्यामुळे जे वाळवायचे ते आताच वाळवावे लागते.

आणिक, माहुल, तुर्भे आणि मंडाले या पट्ट्यात मिठागरे होती. मीठ पिकवणे म्हणजे समुद्राचे पाणी तापवणे एवढेच, असे लांबून वाटते. प्रत्यक्षात त्यात पायांचे काम सर्वांत जास्त. वाफ्याचा तळ चिकणमातीचा असतो. तो आधी ओला करून माणसे रांगेने पायांनी तुडवतात. तळ दगडासारखा घट्ट होईपर्यंत हे चालते, कारण तळ भुसभुशीत राहिला तर पाणी मुरते आणि मीठ मातकट निघते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचे पाणी आधी मोठ्या तळ्यात घेतात. तिथे ते काही दिवस उन्हात आटते, मग उथळ वाफ्यांत सोडतात. वाफ्यात मिठाची पापडी धरू लागली की लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने ती मोडून बांधाकडे ओढतात. बांधावर पांढऱ्या राशी उभ्या राहतात आणि पावसाआधी त्या गवताने शाकारतात. दिवसभर खारात उभे राहिल्याने पायांना चिरा पडत. तो पाय बघून आगरातला माणूस ओळखू येई.

या मिठावर इंग्रज सरकारचा कर होता. मे १९३० मध्ये माहुलच्या खाडीपलीकडे वडाळ्याच्या मिठागरांवर सत्याग्रहींचे जथे चालून गेले ते याच हंगामात. इतिहासाच्या पुस्तकांत मिठाच्या सत्याग्रहाची तारीख येते, ऋतू येत नाही. पावसाळ्यात वडाळ्याच्या वाफ्यांत उचलायला मूठभर मीठसुद्धा सापडले नसते.

कोळ्यांचा मोठा सण शिमगा. होळीपूर्वी होड्या रंगवून, पताका लावून पुजल्या जातात आणि पुढचे एक-दोन दिवस दर्यावर जाणे बंद असते. खाडीच्या कोळ्यांची मासेमारी खोल समुद्रातल्यांपेक्षा वेगळी. कोळंबी, चिंबोरी, बोय आणि चिखलात उड्या मारणारे निवटे हे इथले म्हावरे. निवटे पकडण्यासाठी गुडघाभर चिखलात शिरावे लागते आणि ते काम लहान मुलांना सर्वांत चांगले जमते. जवळा आणि करंदी अंगणात, बांधावर, जमेल तिथे पसरून सुकवली जात. पावसाळ्याची बेगमी करण्याचे हे शेवटचे महिने असल्याने शिमगा उरकला की बायकांना उसंत नसे.

ईस्ट इंडियन घरांत याच काळात उपासाचा लेंट असे, त्याच्या शेवटी ईस्टर. त्यानंतर एप्रिल-मे महिन्यांत बाटली मसाल्याचा घाट घातला जाई. वाळवलेल्या मिरच्या, हळद, धणे, तीळ, खसखस, मोहरी, दालचिनी, नागकेशर अशी वीस-पंचवीस जिन्नसांची यादी असते आणि प्रत्येक घराचे प्रमाण वेगळे असते. जिन्नस उन्हात कडकडीत वाळवायचे, एकेक वेगळा भाजायचा आणि मग लाकडी उखळीत दोघी-तिघींनी आळीपाळीने मुसळे मारून कुटायचे. मसाला कुटणाऱ्या बायका गावोगाव फिरत आणि एका घराचे काम संपले की शेजारच्या घरी जात. कुटलेला मसाला गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरला जाई, कारण उजेड लागला की त्याचा रंग उतरतो. बहुतेक वेळा या बाटल्या बिअरच्या असत. मसाल्याचे नाव त्यांच्यावरूनच पडले.

मुंबई शहराला हा काठ दिसला तो वेगळ्या कामासाठी. १९०६ मध्ये कुर्ल्याहून चेंबूरला रेल्वेचा एकेरी फाटा टाकला गेला आणि त्यावरून पहिल्यांदा माणसे नव्हे, शहराचा कचरा आला. प्रवासी गाड्या सुरू व्हायला १९२४ उजाडले. १९२७ मध्ये देवनारच्या दलदलीत क्षेपणभूमी ठरली आणि त्याच वर्षी चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब स्थापन झाला. एकाच सालातल्या या दोन गोष्टी पुढच्या शंभर वर्षांचा नमुना ठरल्या. स्वस्त, मोकळी, शहराच्या नजरेआड असलेली जमीन दोघांनाही हवी होती, नको असलेले टाकणाऱ्यांना आणि ऐसपैस राहू पाहणाऱ्यांनाही.

दुसऱ्या प्रकारची माणसे स्वातंत्र्याच्या सुमारास आली. फाळणीनंतर चेंबूरला निर्वासितांची छावणी उभी राहिली आणि त्याच वर्षांत सिनेमावाल्यांनी इथे जागा घेतल्या. होमी वाडिया यांनी १९४२ मध्ये बसंत पिक्चर्स ही संस्था काढली होती. त्यांचा बसंत स्टुडिओ चेंबूरला १९४७ मध्ये उभा राहिला आणि जादूचे दिवे, उडते गालिचे यांच्या पोशाखी चित्रपटांचा तो कारखाना झाला. 'हातिमताई' हा १९५६ मधला गाजलेला चित्रपट याच संस्थेचा. भगवानदादा पालव या गिरणगावातून वर आलेल्या मराठी नटाने जागृती स्टुडिओही चेंबूरलाच काढला आणि १९५१ मध्ये 'अलबेला' दिला. राज कपूर यांनी १९४८ मध्ये आर. के. फिल्म्स सुरू केली आणि थोड्याच काळात चेंबूरला सव्वादोन एकरांवर स्वतःचा स्टुडिओ बांधायला घेतला. राहायला ते देवनारला आले. देवनार फार्म रस्त्यावरचा त्यांचा बंगला 'देवनार कॉटेज' म्हणून ओळखला जाई. अशोककुमार आणि नलिनी जयवंत हेही चेंबूरकर झाले.

जगात इतरत्र समुद्रकाठची गावे झगमगाटाला लागली ती वेगळ्या वाटेने. फ्रान्सच्या दक्षिणेकडचे कान हे १८३४ पर्यंत कोळ्यांचे गाव होते. पटकीच्या साथीमुळे पुढचा रस्ता बंद झाला म्हणून लॉर्ड ब्रूम हे ब्रिटिश राजकारणी तिथे अडकले, त्यांना गाव आवडले आणि त्यांनी बंगला बांधला. त्यांच्या मागोमाग इंग्रज उमराव हिवाळा काढायला येऊ लागले. १८६३ मध्ये तिथे रेल्वे पोचली, तिने चेंबूरसारखा कचरा नव्हे, पाहुणे आणले. पुढे तिथेच चित्रपट महोत्सव भरू लागला. चेतन आनंद यांच्या 'नीचा नगर'ने १९४६ च्या पहिल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळवले, ते इतर काही चित्रपटांबरोबर वाटून. १९५३ चा महोत्सव एप्रिलमध्ये, भर वसंतात भरला. त्यात राज कपूर यांचा 'आवारा' होता. १९५५ मध्ये आर. के. फिल्म्सचा 'बूट पॉलिश' तिथे गेला आणि त्यातल्या बेबी नाझ या बालनटीच्या कामाची परीक्षकांनी खास नोंद घेतली.

'आवारा'मधला स्वप्नाचा प्रसंग चेंबूरच्या स्टुडिओत चित्रित झाला, तेव्हा स्टुडिओचे बांधकाम पुरे व्हायचे होते. कलादिग्दर्शक होते चित्रकार एम. आर. आचरेकर. ढगांत तरंगणाऱ्या पायऱ्या, मोठमोठ्या मूर्ती आणि ज्वाळांचा नरक त्यांनी लाकूड, कापड आणि प्लॅस्टरमधून उभा केला. काठावरच्या एका अर्धवट इमारतीतला हा स्वर्ग भूमध्य समुद्राच्या काठावर पाहिला गेला. देवनारच्या वाट्याला कानची कीर्ती आली ती एवढीच, पण ती खरी होती.

वसंतातला चेंबूरच्या या सिनेमाच्या वसाहतीचा मोठा दिवस म्हणजे आर. के. स्टुडिओची धुळवड. रंगीत पाण्याचा हौद भरून ठेवलेला असे आणि आलेल्या पाहुण्याला, तो कितीही मोठा नट असो, उचलून त्यात बुचकळत. भांग आणि खाण्यापिण्याची रेलचेल असे, शंकर-जयकिशन यांच्यासारखे संगीतकार वाजवायला बसत, सितारादेवींचे नृत्य होई. नवोदितांना या हौदात पडणे म्हणजे बिरादरीत दाखल होणे वाटे. मैल-दोन मैलांवर कोळीवाड्यात तोच सण होड्यांच्या पूजेने चालू असे आणि त्याचे छायाचित्र कोणी काढत नसे. २ जून १९८८ रोजी राज कपूर गेले आणि ही धुळवडही थांबली. स्टुडिओचा गणपती मात्र २०१८ पर्यंत बसत राहिला.

झगमगाटाच्या याच दशकांत काठाचा दुसरा चेहरा घडत होता. १९५४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्था देवनारला स्वतःच्या आवारात आली, त्याच वर्षी तुर्भ्याला अणुऊर्जा प्रतिष्ठान सुरू झाले आणि ऑगस्ट १९५६ मध्ये तिथली 'अप्सरा' अणुभट्टी पेटली. माहुलला १९५४-५५ मध्ये दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. माहुलच्या कोळ्यांची खाडी तेव्हापासून पूर्वीची राहिली नाही. १९७१ मध्ये वांद्र्याचा जुना कत्तलखाना देवनारला हलला. वांद्रे पुढे नटनट्यांचे उपनगर म्हणून मिरवू लागले, त्यात या स्थलांतराचा वाटा किती, हे कोणी फारसे विचारत नाही. १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, अणुसंशोधन केंद्राजवळची जनता कॉलनी मोडून तिथल्या हजारो माणसांना तुर्भ्याच्या दलदलीत चीता कॅम्पला बसवण्यात आले. त्याआधीच क्षेपणभूमीच्या कडेला शिवाजीनगर, बैंगनवाडी या वस्त्या वसू लागल्या होत्या. कचऱ्यातून भंगार, प्लॅस्टिक, काच वेचून विकणे हा तिथला धंदा झाला.

वसंताचा अर्थ या वस्त्यांमध्ये वेगळा असतो. ऊन वाढते तसा कचऱ्यात कुजून तयार होणारा मिथेन वायू पेट घेण्याची शक्यता वाढते. २०१६ च्या जानेवारीच्या अखेरीस क्षेपणभूमीला मोठी आग लागली आणि धूर अंतराळातून घेतलेल्या छायाचित्रांत दिसला. मार्चमध्ये, होळीला तीन-चार दिवस असताना, ती पुन्हा भडकली. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि दम्याच्या रुग्णांनी दवाखाने भरले. चेंबूर-गोवंडीतल्या घरांत त्या वर्षी वाळवणे घालायची सोय राहिली नव्हती.

त्याच खाडीत गेल्या तीस वर्षांपासून रोहित पक्षी येतात. १९९० च्या दशकात शिवडीच्या चिखलावर ते दिसू लागले, मग ठाण्याच्या खाडीभर पसरले. छोटे आणि मोठे अशा दोन्ही जातींचे रोहित हिवाळ्यात येतात आणि मेअखेरपर्यंत राहतात. वसंतात त्यांच्या पिसांचा गुलाबी रंग सर्वांत गडद असतो. शहराच्या सांडपाण्यामुळे खाडीत शेवाळ माजते आणि तेच त्यांचे खाद्य, असे अभ्यासक सांगतात. २०१५ मध्ये सरकारने खाडीच्या सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्राला रोहित अभयारण्याचा दर्जा दिला आणि २०२२ मध्ये ते रामसर यादीत गेले. भांडुपहून होडीतून रोहित पाहायला पर्यटक जातात. त्या होड्या चालवणाऱ्यांत खाडीचे कोळीही आहेत.

सिनेमाची वसाहत मात्र विरत गेली. बसंत स्टुडिओ १९८१ मध्ये बंद झाला. १६ सप्टेंबर २०१७ रोजी आर. के. स्टुडिओला आग लागली, त्यात मुख्य मंच आणि जपून ठेवलेले पोशाख जळाले. २०१९ मध्ये कपूर कुटुंबाने ती जागा गोदरेज प्रॉपर्टीजला विकली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये देवनार कॉटेजची जमीनही त्याच कंपनीने घेतली. क्षेपणभूमीतली सुमारे १२४ एकर जमीन धारावी पुनर्विकासातल्या लोकांच्या घरांसाठी देण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला आणि साठलेला कचरा काढून जागा मोकळी करण्याचे काम महापालिकेने हाती घेतले. तुर्भे आणि माहुलच्या कोळीवाड्यांत शिमग्याला होड्या अजून रंगवल्या जातात.